जज्जसाहेब विरुद्ध वकीलसाहेब

"हा मुद्दा खालच्या कोर्टात कोणी मांडला होता?" जज्जसाहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं.

मी म्हणालो, "हुजूर, आपणच."

मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. तो खोकला नव्हता. जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, कोर्टाला नावाशी मतलब नाही. मांडणारा कोणीही असो, मुद्दा कच्चा आहे."

याच मुद्द्यावर आम्ही खालच्या कोर्टात जिंकलो होतो. ज्यांनी तो मांडून आम्हाला जिंकून दिलं, तेच आता वर बसून त्याला कच्चा म्हणत होते. वकिली करून माझे केस पांढरे झाले, पण असं पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही. पुन्हा पाहायची हौसही नाही.

ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी थोडं सांगतो. निजामाच्या राज्यात जमिनीचा, वाटेचा, पाण्याचा दावा आधी मुन्सिफाकडे चाले. मुन्सिफ म्हणजे तालुक्याचा न्यायाधीश. तिथं हरलेला माणूस परभणीला जिल्ह्याच्या कोर्टात अपील करी, आणि तिथंही मन भरलं नाही तर आगगाडीत बसून हैदराबादच्या हायकोर्टात जाई. अपिलात नवे साक्षीदार येत नाहीत. खालच्या कोर्टात जे कागदावर उतरलं, ज्याला आम्ही मिसल म्हणायचो, तेवढंच वरचा जज्ज वाचतो आणि खालचा फैसला बरोबर की चूक ते ठरवतो. कामकाज सगळं उर्दूत. माझी उर्दू बरी होती. पण राग मला मराठीतच यायचा आणि लवकर यायचा.

माझा पक्षकार खंडूजी. सोनपेठकडच्या एका गावचा, मेंढरं राखणारा. गावाच्या ओढ्याला एक डोह होता. उन्हाळ्यात सगळा ओढा कोरडा पडला तरी डोहात पाणी टिकून असे. डोहाकडे जायची वाट पाटलाच्या शेताच्या कडेनं. खंडूजीच्या आज्यापासून मेंढरं त्याच वाटेनं पाण्यावर जात होती. जुने पाटील गेले, त्यांचा मुलगा कर्ता झाला आणि त्यानं वाटेत बाभळीच्या काट्या टाकल्या. म्हणाला, माझं शेत, माझी मर्जी.

ही वाट बंद झाली तर दुसरं पाणी थेट गंगेला. गंगा म्हणजे गोदावरी, आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. वैशाखाच्या उन्हात मेंढरांनी तिथवर चालत जायचं आणि पाणी पिऊन परत यायचं, तोवर पुन्हा तहान लागलेली. कोवळी कोकरं अशा चालण्यात टिकत नाहीत. खंडूजीच्या दृष्टीनं खटला वाटेचा नव्हताच, कळपाचा होता.

कायदा सोपा होता. पिढ्यान् पिढ्या कोणाची परवानगी न मागता वाट वापरली तर तो हक्क होतो. त्याला वहिवाट म्हणतात. मालकाच्या परवानगीनं वापरली तर मात्र हक्क होत नाही, कारण दिलेली परवानगी काढून घेता येते. पाटलानं नेमकं हेच धरलं. खंडूजीच्या घरचं एक घोंगडं दर दसऱ्याला पाटलाच्या घरी जात असे. पाटलाचं म्हणणं, ते घोंगडं म्हणजे वाटेचं भाडं. भाडं देतो म्हणजे परवानगीनं येतो. परवानगीनं येतो म्हणजे हक्क नाही. खलास.

गंगाखेडच्या मुन्सिफी कोर्टात तेव्हा खंडूजीचे वकील होते त्र्यंबकराव. तल्लख माणूस, आवाज खणखणीत, शेरवानीला सुरकुती म्हणून दिसायची नाही. त्यांनी गावच्या कुलकर्ण्यालाच साक्षीला उभं केलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्याकडेही दसऱ्याला खंडूजीचं घोंगडं येतं का?" कुलकर्णी म्हणाला, येतं. "तुमच्या शेतातून मेंढरं पाण्यावर जातात का?" तो म्हणाला, माझं शेत गावाच्या पार दुसऱ्या अंगाला, तिकडं कुठलं पाणी? त्र्यंबकराव मुन्सिफांकडे वळून म्हणाले, "घोंगडं म्हणजे मान, भाडं नव्हे." मुन्सिफांनी हे वाक्य जसंच्या तसं फैसल्यात घातलं. वाट मोकळी झाली. पाटलानं परभणीला अपील केलं.

मधल्या काळात त्र्यंबकरावांचं नशीब उघडलं. सरकार कधीकधी चांगल्या वकिलांना जज्ज करी. त्यांची नेमणूक शेजारच्या जिल्ह्यात व्हायची होती. पण परभणीचे जज्ज आजारी पडून लांबच्या रजेवर गेले आणि त्यांना इथंच हंगामी बसवण्यात आलं. हंगामी म्हणजे काम पसंत पडलं तर कायम, नाही तर पुन्हा काळा डगला आणि पक्षकाराची वाट पाहणं. जाताना त्यांनी आपली चालू कामं आम्हा चार वकिलांत वाटून दिली. खंडूजीची मिसल माझ्या हातात देताना म्हणाले, "मुद्दा भक्कम आहे. ही केस हरायची म्हटली तर त्यालाही अक्कल लागेल."

अपील बोर्डावर आलं, त्र्यंबकरावांसमोर.

ज्या खटल्यात आपण एका बाजूनं वकील होतो, तो जज्ज होऊन ऐकायचा नाही. यात शिकवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं. "हे माझ्याकडे नको" अशी एक ओळ जज्जानं हैदराबादला लिहायची, अपील दुसरीकडे जातं. मला वाटलं त्र्यंबकराव ते करतील. पेशीची, म्हणजे सुनावणीची, तारीख जवळ आली तरी त्यांनी काही केलं नाही. तेव्हा मी खंडूजीला बोलावून सांगितलं की आपण हरकत घ्यायची.

खंडूजी आधी हसला. मग त्याला कळलं की मी चेष्टा करत नाही.

"वकीलसाब, आपलाच मानूस खुर्चीत बसलाय अन् तुमी त्येला उठवायलाव?"

"म्हणूनच उठवायचं. तो आपला आहे."

"आवो, आपला हाय ते लय चांगलं न्हाई का? आमी तर गावात नारळ फोडला." मग त्यानं मला निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाटलाकडचं कुनी तुमाला भेटलंय का?"

मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, खाली बसला आणि म्हणाला, "चुकलं माजं. पन हरकत घेऊ नगासा."

आता अडचण अशी. वकील पक्षकाराचा नोकर नसतो, पण त्याच्या मर्जीविरुद्ध अर्जही देता येत नाही. मात्र कोर्टापासून गोष्ट लपवून ठेवणं हे वकिलाला शोभत नाही, मग ती आपल्या फायद्याची का असेना. मी मधला रस्ता काढला. अर्ज द्यायचा नाही. उभं राहून फक्त खरं काय ते सांगायचं. हरकत घ्यायची ती समोरचा घेईल. नुकसान त्याचं होणार होतं, निदान मला तसं वाटत होतं.

समोर पाटलाचे वकील होते हमीदमियाँ. माझे जुने दोस्त. कोर्टात एकमेकांचे गळे धरायचे आणि नंतर एकाच किटलीतला चहा प्यायचा, असा आमचा रिवाज. डोकं असं की पक्षकारानं खटला सांगून संपवायच्या आत ते निकाल सांगत. पेशीच्या दिवशी मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हुजूर, कामकाज सुरू होण्याआधी एक गोष्ट नोंदवून घ्यावी. खालच्या कोर्टात खंडूजीतर्फे आपण स्वतः वकील होता."

त्र्यंबकरावांनी मान हलवली. जणू मी त्यांना हार घातला. "कोर्टाला याची कल्पना आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं?"

हमीदमियाँ उठले. आता हरकत घेणार म्हणून मी कान टवकारले. ते कमरेत वाकून म्हणाले, "हुजूरच्या इन्साफावर आमचा पूर्ण भरवसा आहे. हुजूरनीच ऐकावं अशी आमची अर्जी आहे."

मला वाटलं यांना ऊन लागलं. मी पुन्हा म्हणालो की दोन्ही बाजू राजी असल्या तरी हा प्रश्न नुसत्या राजीखुशीचा नाही. त्र्यंबकरावांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी मागं उभ्या असलेल्या खंडूजीला पुढं बोलावलं आणि विचारलं, "तुझा आमच्यावर भरवसा आहे का?"

मी खंडूजीकडे डोळे वटारले. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. हात जोडून म्हणाला, "मायबाप, तुमच्यावर न्हाई तर कुनावर? तुमी तर आमचे..."

"बस," जज्जसाहेब घाईनं म्हणाले. "नोंद करा. दोन्ही पक्षांचा भरवसा आहे. शंका आहे ती फक्त वकिलाला."

माझं म्हणणंही त्यांनी मिसलीत लिहून घेतलं. ते मी मागितलं होतं, पण त्यांनी ते इतक्या आवडीनं आणि इतकं सविस्तर लिहवलं की मला नवल वाटलं. आपण पूर्वी याच पक्षाचे वकील होतो, तरीही दोन्हीकडच्या लोकांनी आपल्यावर विश्वास टाकला, खुर्चीत बसलेल्या माणसाला भूतकाळ नसतो, वगैरे. लिहिणाऱ्या कारकुनाचा हात दुखला असेल. पुढची तारीख पडली आणि आम्ही बाहेर आलो.

चहाच्या वेळी मी हमीदमियाँना म्हणालो, "पाटलाचं मीठ खाऊन त्याचाच गळा कापलात."

ते हसले. "जनाब, गुस्सा नक्को करू. नवी सून सासरी आली. माहेरचा माणूस जेवायला आला. ती त्याला पाट आधी मांडते का सासऱ्याला?"

"म्हणजे?"

"म्हणजे माहेरच्याला ती शेवटी वाढते. अन् थोडं कमीच वाढते. सासू बघत असते ना." त्यांनी हैदराबादच्या दिशेला बोट केलं. "अभी कायम व्हायचं आहे त्यांना. हा खटला आपल्या जुन्या पक्षकाराला दिला तर लोक काय म्हणतील? नाही दिला तर काय म्हणतील? दुसरा जज्ज असता तर मी हरलोच होतो. तुमचा मुद्दा लई पक्का हाय."

माझा चहा तसाच राहिला. खंडूजीला वाटत होतं जज्ज आपला आहे म्हणून जिंकू. हमीदमियाँना ठाऊक होतं जज्ज आपला नाही म्हणून जिंकू. जज्जांना वाटत होतं आपण कोणाचेच नाही. आणि त्र्यंबकराव त्या खुर्चीतच राहावेत म्हणून हे तिघंही एका पायावर तयार होते. मी खंडूजीला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "असं कुटं असतंय का? मानूस आपल्या मानसाच्या इरुद्ध जाईल व्हय?" त्याच्या जगात असं खरंच नसतं.

तर असे आम्ही त्या दिवसापर्यंत आलो, ज्या दिवशी जज्जसाहेबांनी विचारलं की हा मुद्दा कोणी मांडला होता.

अपील हमीदमियाँचं, म्हणून आधी ते बोलले. त्यांचं भाषण मला अजून पाठ आहे. ते म्हणाले, "हुजूर, या खटल्यातला घोंगड्याचा मुद्दा हुजूरला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यात किती दम आहे हे हुजूरहून चांगलं कोण जाणणार?" एवढं बोलून खाली बसले. इतकं चांगलं भाषण मला जन्मात जमलं नाही.

मग माझी पाळी. मी कुलकर्ण्याची साक्ष वाचून दाखवली.

जज्जसाहेब म्हणाले, "या साक्षीदाराला हे प्रश्न कोणी विचारले?"

"खंडूजीच्या वकिलांनी."

"प्रश्न फार सोयीचे वाटतात. उत्तरं तर त्याहून सोयीची."

"हुजूर, उत्तरं खरी होती म्हणून सोयीची झाली."

"साक्षीदाराला आधी शिकवून आणलं नसेल कशावरून?"

मी थक्क झालो. म्हणालो, "हुजूर, मी त्या वकिलांना ओळखतो. ते साक्षीदार शिकवणाऱ्यांतले नाहीत."

"तुम्ही त्यांची तरफदारी करू नका."

"करावी लागेल हुजूर. ते इथं स्वतःची बाजू मांडायला येऊ शकत नाहीत."

हमीदमियाँनी रुमाल तोंडाला लावला. कोर्ट भरलेलं होतं. त्या भरल्या कोर्टात त्र्यंबकराव वकिलांच्या इज्जतीसाठी मी एकटा भांडत होतो आणि ती धुळीला मिळवायला खुद्द त्र्यंबकराव कंबर कसून बसले होते. मी एक पाऊल मागं घेतलं की ते वकिलाला आणखी एक दूषण देत. वकील घाईचा होता. वकिलानं पाटलाच्या गड्याची उलटतपासणी अर्धवट सोडली. वकिलाला वहिवाटीचा कायदा वरवरच माहीत होता. शेवटचं ऐकून मात्र मला राग आला. मी चक्क मराठीत म्हणालो, "कायदा त्यांना चांगला माहीत होता. तेव्हा." जज्जसाहेबांनी तेवढं ऐकलं नाही असं दाखवलं. तेवढं त्यांचं माझ्यावर कर्ज समजा.

फैसला लागला. घोंगडं हे परवानगीचं चिन्ह ठरलं, वाट पाटलाच्या मर्जीची ठरली. "खालच्या कोर्टातील वकिलाने आपल्या वाक्चातुर्याने मुन्सिफांची दिशाभूल केली," असं एक वाक्यही त्यात होतं. ते वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता.

वकिलांच्या खोलीत दिवसभर वाहवा चालली. काय निःस्पृह माणूस! स्वतःच्या नावावर स्वतः पाणी सोडलं! जुन्या पक्षकाराचाही मुलाहिजा ठेवला नाही! ही कीर्ती हैदराबादला पोचायला वेळ लागला नाही. थोड्याच दिवसांत ते कायम झाले. आम्ही त्यांना चहापार्टी दिली. मीही वर्गणी दिली, न देऊन सांगतो कोणाला.

खंडूजी त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून होता. मला म्हणाला, "सायेब, त्यो आपलाच हुता ना?" मी हो म्हणालो. "मग असं कसं झालं?" मी म्हणालो, आपला होता म्हणूनच झालं. त्याला ते पटलं नाही, पण या वेळी त्यानं मला कोण भेटलं होतं असं विचारलं नाही. त्याच संध्याकाळी पाटलानं वाटेत पुन्हा काट्या टाकल्या.

मी हैदराबादला अपील केलं. या वेळी खंडूजीनं आढेवेढे घेतले नाहीत. पण हायकोर्टात नंबर लागेपर्यंत दोन उन्हाळे गेले. ते दोन्ही उन्हाळे मेंढरं गंगेवर चालत गेली. पहिल्या उन्हाळ्यात कोकरं दगावली. दुसऱ्या उन्हाळ्यात खंडूजीनं अर्धा कळप गंगाखेडच्या बाजारात विकला. त्याच्या एका भावानं मेंढरं सोडली आणि लोकांच्या शेतात मजुरीला जायला लागला. खंडूजी मला भेटायला यायचा तेव्हा काही मागायचा नाही. नुसता विचारायचा, "हाय का काई?" मी म्हणायचो, नाही अजून.

हायकोर्टात दोन जज्ज बसले होते. त्यांनी माझ्या भाषणाआधीच मिसलीतली ती लांबलचक नोंद वाचली. त्र्यंबकरावांनी इतक्या प्रेमानं लिहवून घेतलेली. एक जज्ज हमीदमियाँना म्हणाले, "आपण हरकत का घेतली नाही?"

"जनाब, आमचा त्यांच्या इन्साफावर भरवसा होता."

"आणि तो खरा ठरला, असं दिसतं," जज्ज म्हणाले. जिल्ह्याचा फैसला रद्द झाला. लोकांचा भरवसा असो वा नसो, आपण ज्याचे वकील होतो त्याचा खटला आपण ऐकायचा नाही, एवढं सांगून त्यांनी अपील शेजारच्या जिल्ह्याच्या जज्जाकडे पाठवलं.

हे नवे जज्ज कमी बोलणारे होते. त्यांना परभणीचं काही ठाऊक नव्हतं आणि करून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी कुलकर्ण्याची साक्ष वाचली, हमीदमियाँना दोन प्रश्न विचारले, आणि फैसला मुन्सिफासारखाच दिला. घोंगडं म्हणजे मान, भाडं नव्हे. वाट मोकळी झाली.

पुढं एकदा परभणीच्या स्टेशनवर त्र्यंबकरावांची गाठ पडली. ते रिटायर झाले होते, पण रुबाब तोच. मला पाहून डब्यातून उतरून माझ्याकडे आले.

"ऐकलं मी. शेवटी जिंकलात म्हणे, घोंगड्यावर?"

"हो."

"मी म्हटलं नव्हतं? मुद्दा भक्कम होता." आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझा होता."

मी विचारलं, "मग आपण तो फेटाळलात का?"

त्यांना माझ्या अज्ञानाची कीव आली. "अहो, माझा होता म्हणून!"

त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. मुद्दा मांडल्याचं श्रेय त्यांचं, फेटाळल्याचंही त्यांचंच, आणि दोन्हींचा त्यांना मनापासून अभिमान होता. शिट्टी झाली आणि ते डब्यात चढले.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या ज्युनिअरांना मी अजूनही हे सांगतो. लाच खाणारा जज्ज ओळखता येतो, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो. स्वतःच्या निःपक्षपातीपणाच्या प्रेमात पडलेल्या जज्जाविरुद्ध कोणी अर्ज करत नाही, उलट चहापार्टी देतात. अशा वेळी पक्षकार रुसला तरी चालेल, जज्ज चिडला तरी चालेल, हरकत तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. खुर्चीतून उठायला त्र्यंबकरावांना घटकाभर अवघडल्यासारखं झालं असतं, बस. ते उठले नाहीत. खंडूजीची वाट आज मोकळी आहे, पण फैसल्याची नक्कल घेऊन मी गेलो तेव्हा त्या वाटेनं पाण्यावर जायला त्याच्याकडे फार थोडी मेंढरं उरली होती.